तेलाचा हात

पल्लवीने पाटीवरचं फडकं बाजूला केलं. आतली नासपतीची फळं नुसती लखलखत होती.

"कोमट पाण्यानं धुतली," चिमणाबाई कौतुकाची वाट बघत म्हणाली. "मंग पुसली. मंग एकेकाला गोडेतेलाचा हात लावला. सून अन् मी, कालचा सगळा दिस त्यातच गेला. नाशकात द्वारकेच्या चौकात गाड्यांवर असतात ना, तश्शी दिसली पायजे म्हटलं."

दिसत होतीही तशीच. पेठच्या पुढच्या डोंगरातल्या पाड्यावरून ही बाई एसटीत पाटी मांडीवर धरून आली होती आणि आता नाशिकच्या गंगापूर रोडवर, पल्लवीच्या घराच्या व्हरांड्यात पाय पसरून बसली होती.

"मावशी, मी म्हटलं होतं ना, धुवू नका म्हणून?"

"म्हणल्या व्हत्या की." चिमणाबाई हसली. "पाहुणा म्हणतो, माझ्यासाठी काही करू नका. म्हणून काय त्याला कोरडी भाकर वाढायची?"

पल्लवीने एक फळ उचलून हुंगलं; नुसता तेलाचा वास.

पल्लवी विंचूरच्या एका वाइन कारखान्यात प्रयोगशाळेत होती, कंत्राटावर. फळांचा रस आंबवून हलकी सायडर करायची, आणि तीही आधी घरच्या बरण्यांत करून बघायची, हे खूळ तिचंच. सिमल्याची सफरचंदं आणि पाकिटातलं यीस्ट घालून केलेली पहिली बरणी साहेबांनी एक घोट घेऊन बाजूला सारली होती. "अशी कुठंही होते. यात नाशिक कुठाय?" आता दसऱ्याला ते पुन्हा चाखणार होते. जमली तर नोकरी पुढे, नाहीतर राम राम. इथल्या मातीतलं फळ आणि त्याच्या सालीवरचं त्याचं स्वतःचं विरजण, एवढ्यावर तिची सगळी भिस्त होती. ते विरजण काल कोमट पाण्याबरोबर वाहून गेलं होतं.

"झाडावर अजून काही आहेत का?"

"एक नाय! सगळं झाड तुमच्यासाठी उतरवलं."

हे तिने इतक्या आनंदाने सांगितलं की पल्लवीला रागावताही येईना. "छान दिसताहेत हो," एवढं म्हणून ती चहा टाकायला आत गेली. दसऱ्याला साहेबांपुढे काय ठेवायचं?

चहा झाला. चिमणाबाई उठली आणि कोपऱ्यातलं एक मळकट गाठोडं तिने काखेत मारलं. त्यासरशी पल्लवीच्या नाकाने कान टवकारले म्हणायचे. वास आंबूस होता, गोडसर होता, आणि ओळखीचा होता.

"त्यात काय आहे?"

"ते नाय, ते आमचं." चिमणाबाईने गाठोडं पदराआड घेतलं. "झाडाखाली पडलेली हायेत. लेक हितंच नाशकात पेठ नाक्याला बांधकामावर हाय, तिच्या पोरांना. चांगली बाजारला, पडकी घरला, आमचं असंच असतं."

"धुतली नाहीत ना?"

"घरच्यांसाठी कोण धुतं?"

पल्लवीने अक्षरशः हात जोडले. "मावशी, ही मला द्या. आणि पाटी तुम्ही न्या."

"गरिबाची चेष्टा करता का, ताई?"

मग पल्लवीने तिला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. दुधाला विरजण बाहेरून घालावं लागतं, फळाचं विरजण मात्र त्याच्या सालीवरच असतं. धुतलं की गेलं. चिमणाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडला.

"म्हंजे म्या घालवलं की सगळं!"

"अहो, तुम्हीच वाचवलंत!" पल्लवीने गाठोड्यावर हात ठेवला. "ही तुम्ही बरोबर आणली नसतीत तर माझं काय झालं असतं? तुमचे उपकार कसे फेडू मी?"

तिने गाठोडं सोडलं. फळं चेपलेली, मातीने माखलेली होती, एकदोन ठिकाणी पाखरांनी चोचीही मारलेल्या. किडकं तेवढं कापून टाकलं की बरणी भरेल, एवढी नक्कीच होती. तिने ती सोन्याची असावीत तशी जपून परातीत काढून घेतली.

चिमणाबाई मात्र पाटीपुढे तशीच बसून राहिली. फडकं झाकायचंही तिला सुचेना.

"ही सगळी आमच्या पोरांना?" तिने पुन्हा विचारलं.

"हो, सगळी. एक तुम्ही खा ना आता."

चिमणाबाईने बराच वेळ निवडून, पाटीतलं सगळ्यात लहान फळ उचललं. लाजत लाजत एक चावा घेतला. रस हनुवटीवरून ओघळला, तो पुसायचंही ती विसरली.

"बारा वरसं झाड राखलं, ताई," ती म्हणाली. "एवढं गोड हाय का ते?"