काश्यपगोत्री सरडा

गेलेला जीव परत येत नाही, असे विष्णुशास्त्री चाळीस वर्षे गंगेच्या मुन्शी घाटावर भल्याभल्यांना ठणकावून सांगत आले होते. परवा जुन्या जपानी सिनेमातला डोंगराएवढा सरडा समुद्रात बुडून मेला आणि त्यांच्या आठ वर्षांच्या नातीने, मालविकाने, जेवण सोडले. तेव्हा शास्त्रीबुवांनी गंगेत उतरून सरड्याला रीतसर तिलांजली दिली. गोत्र ठाऊक नाही म्हणून काश्यप धरले. पोर जेवली. आज दुपारी तिने पुढचा सिनेमा लावला, तर तोच सरडा एका महाकाय वानराशी लढायला समुद्रातून धडधाकट वर आला.

"आजोबा, ये तो जिंदा है," मालविकाचे डोळे भरले. "आपण तीळ सोडले ना, आता हा मरणार?"

शास्त्रीबुवांनी आधी वानराला हात जोडले, मग क्षणभर डोळे मिटले. "घाबरू नकोस. तिलांजली दिलेला जिवंत परतला, तर शास्त्राप्रमाणे तो नव्याने जन्मला. मध चाटवण्यापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे."

"मग जिंकेल?"

"ते त्याचं तो बघेल. पण तान्ह्या बाळाने मारामारी करू नये. ती जरा थांबव, आणि आईकडून चमचाभर मध घेऊन ये."