बिनवायरीचं सोलर

नंदनवनच्या आमच्या गल्लीत मे महिन्यात छपराच्या टिनावर पापड टाकला, तर शिडी उतरेपर्यंत भाजून निघतो. खोटं वाटत असेल तर पापड घेऊन या, तेल-तिखट माझं.

अशाच टिनाखाली प्रयागबाईच्या घरी यंदा तान्ही नात आली. कूलर दिवसभर चालवावा तर बिल झेपत नाही, बंद ठेवावा तर पोरीच्या अंगभर घामोळं. शेवटी प्रयागबाईनं सरकारी योजनेतून घरावर सोलरच्या प्लेटा बसवून घेतल्या.

महिन्याभरात बिल निम्म्यावर आलं. खबर लागताच योजनेचे साहेब फोटो काढायला हजर!

“पाहिली ना काकू, सोलरची कमाल?”

“पाहिली ना भाऊ. पण तुमचा वायरवाला अजून आलाच नाही!”

साहेबांनी शिडीवर चढून पाहिलं. प्लेटांची वायर खरंच नुसती लोंबत होती.

“मग बिल कमी कसं झालं?”

“प्लेटांची सावली पडून राहिली ना टिनावर! दुपारभर पोरगी पंख्याखाली मस्त झोपते. कूलर लावतो आम्ही दिवस बुडाल्यावर.”

साहेब ओशाळले. घाम पुसत म्हणाले, “उद्याच वायरमन पाठवतो, काकू.”

 

तेवढ्यात शेजारचा रुपराव भिंतीवरून ओरडला, “साहेब, माह्या टिनावरबी टाका ना दोन-चार प्लेटा! वायरची काही घाई नाही.”