फिरता माइक

प्राध्यापक संघटनेच्या सभेत माइक फिरवायचं काम दरवर्षी बिरदेवकडंच असायचं. विद्यापीठात तो तासिका तत्त्वावर शिकवायचा. संघटनेचं सभासदत्व फक्त कायम प्राध्यापकांना. आज तासिकावाल्यांनाही सभासद करून घ्यायचा ठराव होता, म्हणून आपल्या पिंगळी गावाहून येताना त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. माइक घेऊन तो रांगांमधून पळत होता. ज्यांच्याऐवजी तो वर्षभर तास घ्यायचा, ते सगळे माइकवर बोलले, "पोरं आपलीच हायेत, पण घाई कशाला?" शेवटी अध्यक्ष म्हणाले, "बिरदेव, तुला मत न्हाई, तवा हात तूच मोज." ठरावाच्या बाजूचे हात मोजायला एका हाताची बोटं पुरली. विरोधात पहिला हात त्याला पीएचडी करवणाऱ्या सरांचा होता. तेच म्हणाले, "सांग की निकाल." बिरदेवनं सवयीनं माइकवर टिचकी मारली. इतक्या वर्षांत त्यावर तो पहिल्यांदाच बोलला, "ठराव नामंजूर."