नमुन्यातली ताई

आमच्या ऑफिसात वेबसाइटच्या सुट्या भागांचं एक दालन आहे. म्हणजे स्क्रीनवरच. बटणं, चौकटी, मेसेजचे फुगे, सगळे नमुने एकेकटे मांडलेले आणि खाली ते कसे वापरायचे ते लिहिलेलं. लिहिलं सगळं ताईने. ताई माझ्या शेजारी बसते आणि माझ्या खोड्यांचं पहिलं गिऱ्हाईक तीच.

चॅटच्या नमुन्यात खोटा मजकूर मीच घातला होता. त्यात मी विचारतो, "ताई, जेवलीस का?" आणि तिच्या नावाखाली टायपिंगचे तीन ठिपके नाचत राहतात. मागे माणूसच नाही, तर उत्तर येणार कुठून?

आज ताईचा ऑफिसातला शेवटचा दिवस होता. लेकीकडे कायमची चालली होती. एकेक नमुना मला समजावून देत होती आणि मी तिला हसवून हसवून वेळ काढत होतो.

चॅटच्या नमुन्यावर आलो आणि ठिपके थांबले. उत्तर आलं, "जेवले रे. तू?"

"आज तरी सोड ना मला, चावटा!" ताईने पाठीत धपाटा घातला.

"आईशपथ, मी नाही!"

माझ्या दोन्ही हातांत चहाचे कप होते. ताईने ते पाहिले आणि तिचं हसू विरलं. तिने पर्स उचलली. "चल, निघते मी."

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, नको ना जाऊस."

स्क्रीनवर ठिपके पुन्हा नाचायला लागले. मग ताईच्या नावाखाली उत्तर उमटलं,

"जाऊ दे रे तिला. मी आहे ना."