बाहेर वळलेले जोडे

नेवझातला जाग आली तेव्हा खोलीतले बाकीचे केव्हाच कामाला लागले होते. दाराशी त्याचेच जोडे उरले होते, आणि त्यांची टोकं बाहेर, फाटकाकडे वळलेली होती.

तो अंथरुणातून ताडकन उठला.

तुर्कस्तानातल्या कुताह्याच्या त्या सूफी खानक्यात, म्हणजे मठात, कुणालाही ‘चालता हो’ म्हणत नसत. जोड्यांची टोकं आत असली की राहायचं, कुणी बाहेर वळवली की मुकाट निघायचं. दर्वेश, म्हणजे दीक्षित सूफी साधू, व्हायला एक हजार एक दिवस मुदपाकखान्यात राबावं लागे. नेवझातचे नऊशे नव्वद भरले होते. आता निघावं लागलं की ते सगळे पाण्यात!

का काढलं, ते विचारायची गरजच नव्हती. आठवड्यापूर्वी मधाचा रांजण त्याच्या हातून फुटला होता आणि त्याने बेधडक सोबतच्या उमेदवाराचं, रासिमचं नाव घेतलं होतं. बिचारा रासिम तेव्हापासून संडास घासत होता. एका शब्दाने बोलला नव्हता. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

जोडे हातात घेऊन तो मुदपाकखान्यात गेला. मुख्य आचारी हसीबबाबा कांदे चिरत होते. उमेदवार ठेवायचा की काढायचा, हे तेच ठरवत.

“बाबा, जातो मी. पण रांजण मी फोडला. रासिमचा काही दोष नाही. हे सांगितल्याशिवाय पाय निघेना.”

हसीबबाबांनी सुरी खाली ठेवली. “सांगितलंस एकदाचं! जा, रासिमची माफी माग आणि त्याच्या हातातला खराटा घे.”

“पण माझे जोडे...”

“अरे, कालचा तो म्हातारा पाहुणा! पहाटे उठला, अंगण झाडलं, आणि त्याच्या गावच्या रीतीने सगळ्यांचे जोडे बाहेर वळवून ठेवले. पाय सरकवायला सोपं जावं म्हणून! सकाळपासून कबुली द्यायला आलेला तू सातवा. एकाने तर दोन वर्षांपूर्वी चोरलेले जर्दाळूसुद्धा सांगून टाकले.”

नेवझातने हातातले जोडे खाली ठेवले. हसावं की रडावं त्याला कळेना. आता फक्त अकरा दिवस!

“म्हणजे रांजणाचं तुम्हाला ठाऊकच नव्हतं?”

हसीबबाबांनी पुन्हा कांदा हातात घेतला.

“होतं की. फुटताना मीच पाहिला. तुझ्यासारखा पुलाव दुसऱ्या कुणाला जमत नाही, म्हणून गप्प बसलो.” त्यांनी बाहीने डोळे पुसले. “पहाटेच खानक्याच्या प्रमुखांपुढे, शेखसाहेबांपुढे जाऊन हे सगळं ओकून आलोय. माझेही जोडे वळलेले होते ना!”