खालचं सप्तक

माझ्या वरातीत बँडवाल्यांपेक्षा जास्त घाम आमच्या नरहरकाकांना आला होता. शाळेत तीस वर्षं बँड शिकवलेला माणूस, त्यांना बेसूर सोसत नाही.

सदर बाजार ओलांडून वरात कशीबशी मांडवाच्या दारात पोचली. मुहूर्ताला दहा मिनिटं उरली होती, सासूबाई ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या, मी घोडीवरून उतरायची वाट बघत होतो. आणि काकांनी नेमका तेव्हाच ट्यूबावाल्याला गाठला.

"एवढा मोठा भोंगा गळ्यात घालून पिपाणीचा आवाज काहून काढून राहिला तू? शेवट खालच्या सप्तकात घे!"

"वो सुर दूल्हा उतरने के बाद बजता है, बाबूजी."

"सुराले पण मुहूर्त लागते का?" काका तापले. "मले नको शिकवू. आत्ता वाजव."

"हव," म्हणून त्यानं गाल फुगवले आणि असा घुमारदार सूर काढला, की मांडवाचे खांब थरथरले. घोडीवाल्यानं सवयीनं लगाम सोडला. काकांनी तृप्त होऊन डोळे मिटले.



ते अजून मिटलेलेच होते, आणि बारा वर्षं प्रत्येक वरातीत त्याच सुरावर सुट्टी मिळालेली घोडी माझ्यासकट घरी निघाली होती.