एक बटण दाब, ताई

माणसाच्या जनुकांत कुठला मोठा तुकडा गळाला, उलटा बसला किंवा दोनदा आला, हे शोधणारं सॉफ्टवेअर कंपालाच्या तुमवीनेनं आणि नाकिमेरानं जगाला फुकट दिलं होतं. आता जगभरातून रोज तक्रारी यायच्या, त्याही हक्कानं. एकानं केलेला बदल दुसऱ्यानं मंजूर केल्याशिवाय लागू होत नसे. हा नियम तुमवीनेनंच हट्टानं घातलेला.

"हे फुकटचं काम किंवा मी," असं होणाऱ्या बायकोनं बजावलं, तेव्हा त्यानं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांच्या यादीतून स्वतःचं नाव खोडलं आणि मंजुरीसाठी नाकिमेराला फोन लावला.

"ताई, एक बटण दाब आणि सोडव मला."

"आणि तू गेल्यावर माझे बदल कोण मंजूर करणार? तुझा सासरा?"

"पाया पडतो, ताई. शनिवारी तिच्या घरी मागणी घालायला जायचंय. त्याआधी सुटलो नाही तर लग्न मोडतंय माझं."

"बरं बाबा, दाबते. पण आधी माझा एक बदल मंजूर कर. दीड वर्षं तुझ्याकडच्या तक्रारींच्या ढिगाखाली पडलाय."

तुमवीनेनं खुशीत तो उघडला.



त्यात एकच ओळ खोडलेली होती: नाकिमेराचं नाव.